दार फाळणीच्या आधीचं पान

गाळ्यात पाऊल टाकताच संजीवनीच्या लक्षात आलं, की कॅमेऱ्याची मान वळली आहे. काल संध्याकाळपर्यंत तो दारावर डोळा ठेवून होता. आज तो थेट तिच्या टेबलाकडे बघत होता.

बोलणं तिच्या स्वभावातच कमी, आणि त्यात चातुर्मास. दरवर्षी ती कांदा-वांगं सोडायची. यंदा पोथीपुढे बसून तिनं वेगळाच नेम धरला होता. कुणाविषयी वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. वांगं सोडणं सोपं, हे कठीण, हे तिला पहिल्या आठ दिवसांतच कळून चुकलं होतं.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि समोरच्या जाड बांधीव खंडाला दोन बोटं लावून कपाळाला नेली. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर हा गाळा. खालच्या मशिनींनी दिवसभर फरशी थरथरायची. गाळ्याचा मालक कैलास भोईर. जुने कागद, नकाशे, दप्तरं यांचे फोटो काढून ते कॉम्प्युटरात भरून द्यायचा त्याचा धंदा. संजीवनीनं कल्याणच्या एका छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासली होती. तो छापखाना बंद पडला आणि ती इकडे आली. कॉम्प्युटर फोटोतली अक्षरं स्वतःच वाचायचा, पण जुना मराठी ठसा त्याला नीट उमगायचा नाही. तो चुकेल तिथं त्याला सुधारायचं, हे तिचं काम.

गेले चार महिने काम चाललं होतं ते ‘ज्ञानशलाका’ या साप्ताहिकाचं. १९०९ ते १९२२, चौदा वर्षांचे चौदा खंड. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांनी, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांनी, चालवलेलं मराठी पत्र. संजीवनीच्या आईचं माहेर अलिबागकडचं. तिच्या तोंडी यांचं नाव ‘शनवार तेली’. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. एवढंच संजीवनीला ठाऊक होतं. खंड होते अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या बकुळाबाई पेझारकरांचे. त्यांच्या आजोबांनी जपलेले. मुंबईहून संशोधनासाठी येणारी रिद्धी त्यांना भेटली, विनवण्या केल्या, आणि जुन्या चादरीत बांधून ते गाळ्यावर आले.

रिद्धी हुशार पोरगी. ती वाचायची नाही, मोजायची. कुठला शब्द कुठल्या वर्षी किती वेळा आला, कुठल्या शब्दाशेजारी कुठला बसतो, याच्या रंगीत आकृत्या ती पडद्यावर काढायची.

“यांना आपलं जग कुठे वाटत होतं ते कळतं याच्यातून,” ती सांगायची. “कोकण, सरकार की यरुशलेम. माणूस खोटं बोलेल, मावशी. आकडा नाही बोलत.”

संजीवनीला ते कधी पटलं नव्हतं. गेलेल्या माणसांचे शब्द मोजून त्यांचं मन काढायचं, हे तिला थोडं भिंतीला कान लावल्यासारखं वाटायचं. मागच्याच आठवड्यात रिद्धी म्हणाली होती, “आठ वर्षं तपासून झालीत, त्यात ‘तंटा’ किती वेळा आहे माहितीय? चारशे बारा. ‘बहिष्कार’ एकशे साठ. आणि ‘क्षमा’ फक्त अकरा! कसला भांडकुदळ समाज असेल ना?”

आज मात्र ती मोजत नव्हती. कैलासच्या शेजारी खुर्ची ओढून गप्प बसली होती.

“ताई, जरा इकडं या,” कैलासनं हाक मारली. “राग मानू नका. पन हे काय हाय, ते सांगा.”

पडद्यावर संजीवनीच होती. टेबलावरून हातानं काहीतरी गोळा करते, एका छोट्या डबीत भरते, डबी पर्समध्ये ठेवते. कैलासनं पुढचा तुकडा लावला. दुसरा दिवस, दुसरी साडी, तीच डबी.

“चुरा आहे, दादा,” ती म्हणाली. “पानं उलटताना कडा तुटतात. तो चुरा.”

“चुरा कोन घरी नेतं?”

“त्यावर देवाचं नाव असेल. केरात कसं टाकायचं?”

“त्यांच्या देवाचं?”

“देवाचं,” संजीवनी म्हणाली.

कैलासनं रिद्धीकडे बघितलं. “मग केलंत काय त्याचं?”

“नदीत सोडलं. फाटलेल्या पोथीचं करतो तसं. बदलापूरला, उल्हास नदीवर.”

“वा! म्हंजे पुरावा पन पान्यात!” कैलास हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मग रिद्धीनं हळू आवाजात सांगितलं. चौदाही खंडांचे फोटो काढून झाले, पानांचे क्रमांक लावले, तर जवळजवळ प्रत्येक खंडात एकेक पान कमी निघालं. अशी तेरा पानं. बांधणीपाशी सफाईदार कापलेली. “मावशी, जुन्या पत्रांची सुटी पानं घेणारे लोक असतात. बाहेरदेशी तर खूप असतात. म्हणजे मी तुम्हाला असं म्हणत नाहीये...”

ती तसं म्हणतच होती.

“खंड आले तेव्हा मोजले होते का?” संजीवनीनं विचारलं.

कैलासनं टेबलावरची पेन्सिल उचलून दुसरीकडे ठेवली. “पावतीवर मी सही दिलीय. ‘सर्व पानं पूर्ण’ म्हनून.”

म्हणजे मोजले नव्हते. संजीवनीच्या मनात सर्रकन एक विचार येऊन गेला. गाळ्याची किल्ली कुणाकडे? कॅमेरा कुणाच्या हातात? जुने नकाशे घेणारी माणसं कुणाकडे येतात? शब्द जिभेच्या टोकाशी आला. नेम आठवला, आणि तिनं तो शब्द गिळला.

“रिद्धीम्याडमच्या गाइडला मेल केलाय मी सकाळीच,” कैलास म्हणाला. “लिहावं लागतं, ताई. ‘आमच्या कर्मचारी स्त्रीवर संशय आहे, तिला कामावरून दूर केलं आहे.’ चौकशी होईपर्यंत येऊ नका.”

“माझं नाव घातलंत?”

त्यानं नजर पडद्याकडे वळवली. घातलं होतं.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत तिनं आपलं नाव स्वच्छ ठेवलं होतं. नवरा गेल्यावर नावाशिवाय तिच्याजवळ होतं तरी काय? ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “कुठली पानं गेली त्याची यादी देता का मला? कागदावर.”

रिद्धीला बहुधा लाज वाटली असावी. तिनं यादी छापून दिली.

बदलापूरला घरी येऊन संजीवनीनं देवापाशी दिवा लावला आणि यादी पुढ्यात घेतली. चौथी ओळ १९१२, तेरा सप्टेंबर. १९१३, तीन ऑक्टोबर. १९१४, पंचवीस सप्टेंबर. अशाच तेरा ओळी. मागचा-पुढचा काही मेळ नाही. हाताला आलं ते पान नेलं, असंच कुणीही म्हणेल.

पण संजीवनीला त्या तारखांशेजारी आणखी काहीतरी असल्याचं आठवत होतं. कामाच्या सुरुवातीला तिनं प्रत्येक अंकाचा मथळा लिहून काढला होता. मथळ्यात इंग्रजी तारीख, ज्यू तारीख आणि खाली बारीक ठशात आपली तिथी असायची. कोकणात सगळ्यांचाच व्यवहार तिथीवर चाले. रिद्धीच्या कॉम्प्युटरला ती ओळ नको होती. “कचरा आहे, मावशी, मी गाळून टाकते,” ती म्हणाली होती. संजीवनीला ती गाळवेना. रोज पंचांग बघून पाणी पिणारी बाई ती. तिनं सगळ्या तिथ्या आपल्या शंभरपानी वहीत उतरवून ठेवल्या होत्या.

तिनं वही काढली आणि यादीशेजारी एकेक तिथी मांडत गेली. शुद्ध द्वितीया. शुद्ध तृतीया. शुद्ध षष्ठी. सातव्या ओळीला तिचा हात थांबला. तेरापैकी एकही वद्य पक्षातली नव्हती, आणि दशमीच्या पुढची एक नव्हती. कुठल्या वर्षी नवरात्रातले दिवस, तर कुठल्या वर्षी, अधिक महिन्याच्या फरकानं, गणपतीतले. पण चंद्र दरवर्षी तेवढाच.

चोर पंचांग बघून पानं नेत नाही.

पंचांग बघून माणूस काय करतो, ते तिला चांगलं माहीत होतं. व्रत करतो. सण करतो.

मग तिनं चौदा वर्षं आणि तेरा पानं असं पुन्हा मोजलं. एक वर्ष यादीत नव्हतं. १९१९.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ती अंबरनाथला उतरली आणि विचारत विचारत बुवापाड्यात पोचली. बकुळाबाई पेझारकर चौऱ्याऐंशीच्या; माहेरच्याही पेझारकरच. नवरा काडेपेटीच्या कारखान्यात होता, तेव्हापासूनची खोली. दाराच्या चौकटीला, ज्यू घरांत असते तशी, देववचनाची एक लहानशी डबी तिरपी ठोकलेली. आत देव्हारा नव्हता; एक दिवा होता आणि भिंतीवर नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईची तसबीर.

“कोन गो तू? मतदानवाली?” बकुळाबाईंनी चष्मा सारखा केला.

संजीवनीनं सगळं सांगितलं. पानं, कॅमेरा, मेल, सगळं. चुऱ्याचंही सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली. “तुमच्या वस्तूतलं कणभर का होईना, मी न विचारता नेलं, आजी. चूक माझीच.”

“पान्यात सोडलंस?”

“हो.”

बकुळाबाईंनी तिला निरखलं. हिच्यावर विश्वास टाकावा की टाकू नये, याचा जमाखर्च त्या बारीक डोळ्यांत चालला होता. मग म्हणाल्या, “आमी मातीला देतो. कबरस्थानात पुरतो, देवाच्या नावाचा कागद असला तर. तू पान्याला दिलंस. असू दे. पन ती पोरगी नि तो कैलास माझी पानं मोजतात, नि मला इचारत नायत. का?”

“घाबरले असतील. तुम्ही खंड परत न्याल म्हणून.”

“नेयालाच हवेत!”

संजीवनीनं वही उघडली. “आजी, तुमच्याकडे शुद्ध प्रतिपदा ते दशमी, नवरात्राच्या सुमाराला काय असतं?”

“नव्याचा सन. आमचं वर्स लागतं. नि धाव्या दिवशी दार फाळनीचा सन. दिसभर उपास, दारं लावून घ्यायची, देवाशी बोलायचं. पन त्याच्या आधी मानसांशी बोलायचं असतं. वर्सात ज्याचा गुन्हा केला त्याच्या दारात जायचं, माफी मागायची. मानसानं माफ केल्याबगर देव करीत नाय.”

“आणि माणूस लांब असला तर?”

बकुळाबाईंचा हात मांडीवर तसाच राहिला. “अगो बाय,” त्या हळूच म्हणाल्या. “तीच पानं काय?”

मग त्यांनी सांगितलं. आजोबा दार फाळणी झाल्यावर कातर घेऊन बसायचे, असं त्यांची आई सांगायची. एडन, कराची, रंगूनला गेलेली माणसं पत्रात माफी छापायला पाठवायची. आजोबा त्या आठवड्याचं ते पान वाचायचे, ज्याची त्याला माफी पोचवायचे आणि सण उलटला की पान कापून पुरायचे. “म्हनायचे, माफ केलं म्हंजे केलं. मंग त्याचा कागद कशाला घरात? ठेवलास तर फुडच्या भांडनात काढशील.”

“हे तुम्ही कैलासदादांना सांगाल?”

“सांगीन. पन ते म्हनतील, म्हातारी पांघरून घालते. माझ्या आईनं सांगितलेलं. मी तरी कुठं पाह्यलंय?”

तेही खरंच होतं. संजीवनीनं रिद्धीला फोन लावला. आवाज न चढवता एवढंच सांगितलं, की १९१९ चा खंड घेऊन बकुळाबाईंकडे या, कैलासदादांनाही आणा.

दुपारी दोघं आले. कैलास दारातच उभा राहिला. दोन्ही बायका एक झाल्या की काय, असा त्याचा चेहरा. “आजी, मी आधीच सांगतो, पावती माझी हाय, पन पानं माझ्याकडून...”

“बस खाली,” बकुळाबाई म्हणाल्या. “पाव्हना म्हनून आलायस, पोलीस म्हनून नाय.”

रिद्धीनं खंड उघडला. या खंडापर्यंत तपासणी पोचलेली नव्हती; पानांचे फोटो होते, पण ती कुणी वाचलेली नव्हती. संजीवनीनं सांगितलेल्या तिथीचा अंक निघाला. पाचवं पान जागेवर होतं.

वर मोठ्या ठशात ‘क्षमायाचना’. खाली तीन रकाने भरून लहान लहान मजकूर. मालकिणीची माफी मागणारी दाई. भावजयीला टाकून बोललेली नणंद. मित्राचं पत्र फोडून वाचलेला कारकून. रिद्धी बोट फिरवत मोजत गेली. तिला दुसरं काही सुचेना. एका पानावर ‘क्षमा’ एकतीस वेळा.

“आणि मी यांना भांडकुदळ म्हटलं,” ती स्वतःशीच म्हणाली. “मोजायचं ते पानच यांनी कापून टाकलं होतं.”

कैलास खंडावर वाकला. मागच्या खंडातलं कापलेलं पानही पाचवंच होतं, हे त्याला आठवत होतं. त्याचा संशय उतरत होता, पण जागा सोडायला तयार नव्हता. “मंग हेच का नाय कापलं?”

संजीवनी तोवर तिसऱ्या रकान्याच्या तळाशी पोचली होती. तिनं बकुळाबाईंकडे बघितलं. “आजी, इथं पेझारकर आहेत.”

“वाच.”

ती वाचू लागली. “रंगून. वडील बंधू व भगिनी रिबका पेझारकर यांस. सात वर्षांमागे भगिनीची सोयरीक ठरली असता मी त्या घरी जाऊन तिच्या वर्तनाविषयी संशयाचे बोलणे केले. सोयरीक मोडली. मी बोललो ते डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, कानांनी ऐकलेलेही नव्हते. मी रागाने बोललो आणि खोटे बोललो. दार फाळणीपूर्वी क्षमा मागतो. दावीद.”

बकुळाबाई भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होत्या.

“रिबकाआजी,” त्या म्हणाल्या. “आजोबांची भन. तिनं मला वाढवलं. जन्मभर बिनलग्नाची रायली, नि आमाला वाटायचं, तिलाच नको होतं.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. “तिला वाचाया येत नव्हतं गो. आजोबांनी तिला वाचूनच दाखवलं नसनार. माफ केलं असतं तर कापलं असतं.”

रिद्धीनं दबक्या आवाजात विचारलं, “आजी, तुम्हाला आता कापायचंय का?”

“माफी तिची. ती द्येयाला मी कोन? राहू दे, कॉम्प्युटरात पन राहू दे.” मग त्या संजीवनीकडे वळल्या. “तेवढं एकदा परत वाच. मोठ्यानं, तिच्याकडं तोंड करून. तिला आयकू तरी जाऊ दे.”

संजीवनी उठली, तसबिरीपुढे उभी राहिली आणि आयुष्यात कधी वाचलं नव्हतं एवढ्या मोठ्या आवाजात तिनं ते वाचलं.

ती खाली बसली तेव्हा कैलासनं मान खाजवली. “ताई, सॉरी हां. इषय संपला. सोमवारपासून या कामाला.”

“संपला कसा?” बकुळाबाई फणकारल्या. “तोंडानं बोलला असतास तर तोंडानं फिटलं असतं. तू लिव्हलंस. आता लिवून फेड.”

कैलासनं मोबाईल काढला. मुकाट्यानं मेल लिहिला आणि संजीवनीपुढे धरला. सवयच होती त्याला, काही लिहिलं की ताईंना दाखवायची. ‘पानांबाबत थोडा गैरसमज झाला होता. तो आता दूर झाला आहे.’

संजीवनीनं दोनदा वाचलं. “आधी माझं सांगते, दादा. काल मीही मनातून तुमच्यावरच संशय घेतला होता. किल्ली तुमची, कॅमेरा तुमचा. तोंडानं बोलले नाही, नेम होता म्हणून. मनानं मात्र तो नेम केव्हाच मोडला. मला माफ करा.”

कैलास एकदम हसला. “माझ्यावर? मी पानं इकीन?” आणि हसता हसता थांबला. आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं लागतं, ते त्याला त्या क्षणी लागलं असावं.

“आता हे,” ती त्याच हळू आवाजात म्हणाली. “गैरसमज आपोआप नाही झाला. तुम्ही केलात. आणि माझं नाव पहिल्या मेलमध्ये आहे, ते यातही हवं.”

कैलासनं रिद्धीकडे बघितलं. ती तसबिरीकडे बघत होती. त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘संजीवनी गोडांबे यांच्यावर मी चोरीचा आरोप केला. मी पानं न मोजता पावती दिली होती. आरोप खोटा होता. मी क्षमा मागतो. कैलास भोईर.’

“एक अक्षर चुकलेलं नाही,” संजीवनी म्हणाली. “पाठवा.”

सोमवारी ती गाळ्यावर गेली तेव्हा कॅमेऱ्याची मान पुन्हा दाराकडे वळलेली होती. टेबलावर त्या मेलची छापील प्रत घडी करून ठेवलेली. शेजारी स्टीलची नवी कोरी डबी, तिच्यावर कैलासच्या अक्षरात कागद चिकटवलेला: ‘चुरा. बकुळाबाईंना देणे.’

संजीवनीनं ती घडी उलगडून वाचली आणि पर्समधल्या पोथीत ठेवली. घडी ठेवताना तिनं नकळत वर, कॅमेऱ्याकडे एकदा बघून घेतलं. मग खुर्ची किंचित बाजूला सरकवली.

हात धुऊन ती १९१७ च्या खंडाशी बसली. पोथीतला कागद तिला आठवत होता, आणि ड्रॉवरमधली कात्रीही. दार फाळणीच्या दशमीला अजून आठ दिवस होते. तोवर तो कागद कापण्याजोगं आपलं मन होतं का, ते तिला बघायचं होतं.